देत राहणारी माउली : रुक्मिणीबाई भावे

आचार्य विनोबा भावे हे नाव आपल्या देशात सर्वांच्या परिचयाचे आहे. भूमिहीनांसाठी जमीन मागत तेरा वर्षे पायी देश फिरणारे, गीतेचा अर्थ साध्या मराठीत घरोघरी पोहोचवणारे, आयुष्यभर ब्रह्मचर्याचे व्रत पाळणारे विनोबा आपण जाणतो. परंतु आपल्या मनाची घडण कोणी केली हे सांगताना विनोबा ग्रंथांच्या आणि गुरूंच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्याही आधी, आपल्या आईचे नाव घेत. तिच्याविषयी बोलताना उतारवयातही त्यांचे डोळे भरून येत.

ही आई म्हणजे रुक्मिणीबाई नरहर भावे. त्यांनी कोणतीही संस्था काढली नाही, व्यासपीठावरून भाषण केले नाही, पुस्तक लिहिले नाही. अक्षरे जुळवत जुळवत पोथी वाचण्याइतकेच त्यांचे शिक्षण होते. वयाच्या अवघ्या 42 व्या वर्षी त्या गेल्या. त्यांचे सारे आयुष्य स्वयंपाकघर, देवघर, अंगण आणि शेजार एवढ्या परिघात गेले. तरीही त्या लहानशा परिघात जे अध्यात्म त्यांनी जगून दाखवले, ते मोठमोठ्या साधकांनी थांबून पाहावे असे आहे. आज या माउलीच्या जीवनाचे स्मरण करू या.

गागोद्याचे घर

कोकणातील पेण तालुक्यात गागोदे हे डोंगराच्या कुशीतले छोटे गाव आहे. पूर्वी हा भाग कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई, आज तो रायगड जिल्हा आहे. येथील भावे घराण्यात रुक्मिणीबाई सून म्हणून आल्या. त्यांचे माहेरचे संस्कार कर्नाटकातले. त्यामुळे मराठी अभंगांबरोबर अनेक कानडी भजनेही त्यांच्या ओठांवर असत. 11 सप्टेंबर 1895 रोजी त्यांच्या पोटी विनायक जन्मला. तेव्हा त्या स्वतः विशीच्याही आत होत्या. विनायकाच्या मागून बाळकृष्ण, शिवाजी आणि दत्तात्रेय हे मुलगे आणि शांता ही मुलगी झाली. थोरल्याला त्या लाडाने विन्या म्हणत.

सासरे शंभुराव हे अत्यंत श्रद्धाळू होते. ते चांद्रायण व्रत करीत. त्या व्रतात चंद्रोदयानंतर पूजा करून मगच अन्न घ्यायचे आणि घासांची संख्या तिथीप्रमाणे वाढवत किंवा कमी करत न्यायची असा नियम असतो. चंद्र कधी मध्यरात्री उगवे, कधी पहाटे. लहानग्या विन्याला झोपेतून उठवून आरतीला बसवले जाई आणि प्रसाद दिला जाई. पती नरहरराव बडोद्याला नोकरीस होते. ते वैज्ञानिक दृष्टीचे, शिस्तीचे, प्रत्येक गोष्ट मोजूनमापून करणारे गृहस्थ. एका बाजूला सासऱ्यांची व्रतनिष्ठा आणि दुसऱ्या बाजूला पतीची काटेकोर वृत्ती. या दोहोंच्या मध्ये रुक्मिणीबाईंनी आपली सहज, गोड, कोणालाही न दुखावणारी भक्ती जपली.

मुलांना अन्न देण्याआधी त्या एक प्रश्न हमखास विचारीत. तुळशीला पाणी घातले का? घातले नसेल तर आधी ते काम, मग जेवण. उपदेश काहीच नाही, फक्त एक रोजचा प्रश्न. पण आपल्या आधी दुसऱ्या जिवाची तहान आठवायची ही सवय त्या प्रश्नातून मुलांच्या अंगात मुरली.

देतो तो देव

गागोद्याच्या घराजवळ फणसाचे झाड होते. फणस पिकला की कोणत्याही मुलाचे लक्ष गऱ्यांवर असणार. विन्याचेही असे. परंतु फणस फोडल्यावर आई पानांवर गरे मांडून मुलांच्या हाती देत आणि घरोघरी वाटायला पाठवत. सारी घरे झाली की मग आपली पाळी. आई त्या वेळी मुलांना सांगत की जो देतो तो देव आणि जो स्वतःसाठी राखून ठेवतो तो राक्षस. देव आणि राक्षस या शब्दांची ही फोड मुलाच्या मनावर अशी कोरली गेली की पन्नास वर्षांनंतर लाखो लोकांसमोर जमीन मागताना विनोबा तीच सांगत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आईने मुलांना दानाचे महत्त्व सांगितले एवढेच नाही, तर वाटण्याचे काम मुलांच्याच हातून करून घेतले. पानावरचे गरे घेऊन दारोदार जाताना समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर उमटणारा आनंद मुलांनी स्वतः पाहिला. देण्यात जो गोडवा आहे तो गऱ्याच्या गोडव्याहून अधिक टिकतो, हे त्यांनी ऐकून नव्हे तर अनुभवून जाणले.

आंधळे काका

त्याच घरात एक अंध गृहस्थ राहत. मुले त्यांना काका म्हणत. स्वभावाने शांत, होईल ते काम करणारे. घरातल्या इतर वडीलधाऱ्यांची जशी काळजी घेतली जाई, तशीच त्यांचीही घेतली जाई. जेवण, कपडे, विचारपूस यांत कोठेही कमी-जास्त नव्हते. पुढे भावे कुटुंब बडोद्याला राहायला गेले. एके दिवशी गागोद्याहून काका गेल्याची बातमी आली. घरातले माणूस गेले की स्नान करण्याची, सुतक पाळण्याची रीत होती. पण या वेळी कोणीच स्नान केले नाही. विन्याला आश्चर्य वाटले. त्याने आईला कारण विचारले तेव्हा कळले की काका नात्याचे नव्हतेच. त्यांना पाहणारे कोणी नव्हते, म्हणून ते आपल्या घरी राहत होते.

इतकी वर्षे एका छताखाली राहूनही हा मनुष्य परका आहे हे मुलांच्या लक्षात आले नाही! सेवा करणाऱ्याने आपण सेवा करतो आहोत हे बोलून दाखवले असते, तर मुलांना ते केव्हाच समजले असते. रुक्मिणीबाईंच्या वागण्यात उपकाराची छटाही नव्हती. आपल्याकडे निष्काम सेवेवर पुष्कळ बोलले जाते. निष्काम सेवा प्रत्यक्षात कशी दिसते, हे पाहायचे असेल तर या आंधळ्या काकांची आठवण ठेवावी.

बडोद्यातील दिनचर्या

विनायक दहा वर्षांच्या आसपास असताना कुटुंब बडोद्याला आले. शहरातही रुक्मिणीबाईंचा दिवस पहाटेच सुरू होई. झाडलोट, स्वयंपाक, मुलांचे करणे, आल्यागेल्याचे पाहणे हे सारे करता करता त्यांचे भजन चालू असे. आवाज गोड होता आणि पाठांतर एवढे की आज म्हटलेला अभंग उद्या पुन्हा येत नसे. महिनोन्महिने रोज नवा अभंग कानांवर पडे, अशी आठवण विनोबा सांगत. कधी भजनात मन इतके रंगून जाई की भाजीत दोनदा मीठ पडे. मुलगाही आपल्या विचारांत असा मग्न की खारट भाजी तो मुकाट्याने खाऊन जाई. नंतर घरातल्या दुसऱ्या कोणी घास घेतला की मगच चूक कळे.

घरातील सर्वांची जेवणे आटोपली, कामे संपली की दुपारी त्या देवासमोर बसत. स्वतः अजून जेवलेल्या नसत. हळद-कुंकू, फुले, नैवेद्य असे पूजेचे सारे उपचार होत. अखेरीस दोन्ही हातांनी कान पकडून, अनंत कोटी ब्रह्मांडांच्या त्या स्वामीजवळ त्या आपल्या अपराधांची क्षमा मागत, आणि डोळ्यांतून धारा लागत. पूजा अनेक घरांत होते, पण डोळ्यांतून असे पाणी रोज येत नाही. कोणत्या तरी खास दिवशी, खास मंदिरात मन भरून येणे हे आपणही अनुभवतो. रोजच्या धबडग्यातून, रोजच्याच देवघरात, रोज मन तसेच ओले होणे ही वेगळी गोष्ट आहे. लहान विन्या ते दृश्य पाहत असे. भक्ती म्हणजे काय, हे त्याला त्या अश्रूंनी शिकवले.

रात्री दुधाला विरजण लावतानाही त्या देवाचे नाव घेत. बुद्धिवादी मुलाने एकदा विचारले की दही लागण्यात देवाचा काय संबंध? आईने त्याला समजावले की आपण आपल्याकडून सगळी तयारी नीट करावी, पण दही नीट लागते ते देवाच्या कृपेने. प्रयत्न आपला आणि फळ त्याच्या हाती, हा गीतेचा कर्मयोग त्या माउलीने विरजणाच्या भांड्यात दाखवून दिला.

तांदळाचे लाख दाणे

एकदा रुक्मिणीबाईंनी देवाला एक लाख तांदळाचे दाणे वाहण्याचा संकल्प केला. रोज थोडे थोडे दाणे मोजून त्या वाहत. नरहररावांनी हे पाहिले. गणिती वृत्तीच्या त्या गृहस्थांनी सोपा उपाय सुचवला. एक तोळा तांदूळ घ्यावा, त्यात किती दाणे भरतात ते मोजावे आणि त्या हिशेबाने लाख दाण्यांचे वजन काढून तेवढे तांदूळ एकदम वाहावेत. कमी पडू नयेत म्हणून थोडे अधिक घ्यावेत.

हिशेबात चूक काहीच नव्हती. रुक्मिणीबाईंना उत्तर सुचले नाही, पण मनाला ते पटतही नव्हते. संध्याकाळी विन्या घरी आल्यावर त्यांनी त्यालाच विचारले. मुलगा वडिलांसारखाच गणितप्रेमी. तरी त्याने आईची बाजू घेतली. हा तांदळाचा व्यवहार नाही, हे नामस्मरण आहे, प्रत्येक दाण्याबरोबर मन एकदा देवाकडे जाते, म्हणून एक एक दाणाच मोजायला हवा, असे त्याने सांगितले. आईला फार आनंद झाला. आपल्या मनात होते पण शब्दांत येत नव्हते, ते मुलाने बोलून दाखवले होते.

आपण वेळ वाचवण्याच्या युगात राहतो. जप मोजायला यंत्रे आहेत, पाठ ऐकायला मोबाईल आहे. सोय वाईट नाही. पण साधनेत वाचवलेला वेळ शेवटी कोठे जातो, हे एकदा स्वतःला विचारून पाहावे. रुक्मिणीबाईंना दाण्यांची रास करायची नव्हती, त्यांना लाख वेळा देवाजवळ जायचे होते.

स्वतःच्या मुलाला शिळे, परक्याला ताजे

भाव्यांच्या घरी बहुधा एखादा गरीब विद्यार्थी जेवायला-राहायला असे. घरात कधी अन्न उरले तर ते टाकून देण्याची पद्धत नव्हती. ते शिळे अन्न आई स्वतः खात किंवा विन्याच्या पानात वाढत. त्या विद्यार्थ्याला मात्र नेहमी ताजे आणि गरम. काही दिवस हे पाहिल्यावर विन्याने आईला कोड्यात टाकले. सर्वांना समान लेखावे असे तू सांगतेस, आणि स्वतः मात्र भेद करतेस. मला शिळे देतेस, त्याला ताजे, ही कोणती समता?

आईने दिलेले उत्तर फार प्रामाणिक होते. त्यांनी आपला भेदभाव नाकारला नाही. मुलाचे म्हणणे खरे आहे असे त्यांनी मान्य केले. त्या म्हणाल्या की तो विद्यार्थी मला देवाच्या ठिकाणी दिसतो, पण तू मात्र अजून मला माझा मुलगाच वाटतोस, तुझ्याविषयीची माझी आसक्ती गेलेली नाही. ज्या दिवशी तूही मला देवरूप दिसू लागशील, त्या दिवशी हा फरक उरणार नाही.

हा प्रसंग वाचून आपण क्षणभर थांबावे. सामान्यतः माणसाचा भेद उलट दिशेने चालतो. चांगले ते आपल्या लेकराला आणि उरलेसुरले परक्याला. ही आई परक्याला चांगले देते आणि वर स्वतःची उणीव कोणती तेही ओळखते. आपली आसक्ती अजून शिल्लक आहे असे पोटच्या मुलाजवळ कबूल करणे सोपे नाही. त्यांचे आत्मपरीक्षण एखाद्या साधकासारखे जागे होते.

दारी येणाऱ्या याचकाविषयीही त्यांची अशीच दृष्टी. एकदा धडधाकट भिकाऱ्याला आईने भिक्षा घातली तेव्हा विन्याने हरकत घेतली. अशाने आळस वाढतो आणि अपात्राला दिलेले दान दोघांचेही नुकसान करते, असा त्याचा युक्तिवाद. आईने शांतपणे सांगितले की पात्र कोण आणि अपात्र कोण हे ठरवणारे आपण कोण? दारी आलेल्याला परमेश्वर समजून आपल्या शक्तीप्रमाणे द्यावे, एवढेच आपले काम. पुढे मोठेपणी, शास्त्रे वाचून झाल्यावरही, आईच्या या युक्तिवादाला उत्तर सापडले नाही, असे विनोबा सांगत.

शेजारधर्म

शेजारच्या घरी बाई आजारी पडली की रुक्मिणीबाई तेथे जाऊन स्वयंपाक करून देत. त्या आधी आपल्या घरचा स्वयंपाक उरकत आणि मग शेजारी जात. विन्याने गंमतीने आईला स्वार्थी ठरवले. आधी आपल्या मुलांचे, मग दुसऱ्याचे, हा स्वार्थच नाही का? आई हसल्या. त्यांनी कारण सांगितले की त्यांचा स्वयंपाक आधी केला तर जेवणाच्या वेळेपर्यंत तो निवून जाईल. त्यांना गरम अन्न मिळावे म्हणून मी नंतर जाते. थंड झालेले आपण खावे आणि गरम शेजाऱ्याला मिळावे, एवढा बारीक विचार त्यांच्या सेवेत होता.

मदत करणारे पुष्कळ असतात. परंतु आपल्या मदतीचा घास समोरच्याच्या तोंडी जाताना गरम असेल की थंड, इथवर विचार करणारे थोडेच. सेवेतले प्रेम अशा बारकाव्यांत दिसते.

भीती घालवणारी आई

लहानपणी एका रात्री विन्याला भिंतीवर मोठी काळी आकृती दिसली. ती आपलीच सावली आहे हे न कळल्याने तो घाबरून आईकडे धावला. आईने त्याला रागावले नाही, की हसून उडवून लावले नाही. तो तर तुझा गुलाम आहे, असे त्यांनी सांगितले. तू बसलास की तो बसेल, तू उभा राहिलास की तोही उभा राहील, करून बघ. मुलाने करून पाहिले. खरोखरच तो गुलाम सांगेल तसे करीत होता. भीती पळून गेली. भुताखेतांच्या भीतीवरही त्यांचा उपाय साधा होता. देवाच्या भक्ताला भूत त्रास देत नाही, तरी वाटलीच भीती तर कंदील घेऊन जावे आणि रामनाम घ्यावे. नामही घ्यावे आणि दिवाही घ्यावा, असा हा श्रद्धा आणि व्यवहार यांचा मेळ होता.

एकदा विन्या हातातल्या काठीने घराच्या लाकडी खांबावर सपासप मारत होता. आईने त्याला थांबवले. खांबही परमेश्वराचेच रूप आहे, त्याला उगाच का मारायचे, असे त्यांचे म्हणणे. सर्वत्र ईश्वर आहे हे तत्त्व आपण ग्रंथांत वाचतो. त्या मुलाला ते घरातल्या खांबापाशी मिळाले.

गीता मराठीत हवी

बडोद्यात एके ठिकाणी गीतेवर प्रवचने सुरू होती. रुक्मिणीबाई ऐकायला जात. संस्कृत समजत नसल्याने अर्थ पुरता लागत नसे. त्यांनी विन्याला मराठी गीता आणून द्यायला सांगितले. त्याने गद्य भाषांतर आणून दिले. पण गाऊन भक्ती करणाऱ्या त्या माउलीला गद्यात रस वाटेना. पद्यात हवी, असे त्यांनी सांगितले. मग मुलाने वामन पंडितांची समश्लोकी आणली. ती भाषाही त्यांना अवघड गेली. याहून सोपे काही नाही असे मुलाने सांगताच आई सहज बोलून गेल्या की मग तूच का करीत नाहीस सोपी गीता?

मुलगा तेव्हा विद्यार्थी होता. हे काम आपल्याने होईल असे त्याच्या स्वप्नातही नव्हते. आईला मात्र खात्री होती. आपल्या मुलात काय आहे हे मुलाच्या आधी आईला दिसले होते.

मुलगा घर सोडून जातो

विनायकाचे मन लौकिक शिक्षणात रमेना. एके दिवशी चुलीपाशी बसून त्याने कागदांची गुंडाळी विस्तवात धरली. आईने विचारले तेव्हा कळले की ती शाळेची प्रमाणपत्रे आहेत. कधीतरी उपयोगी पडतील, असे आईने सुचवून पाहिले. मुलाने सांगितले की आता त्यांची गरज लागणार नाही. कोणत्याही आईच्या काळजात धस्स व्हावे असा तो क्षण. रुक्मिणीबाईंनी आकांत केला नाही.

मार्च 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला विनायक वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला गेला. वडिलांना पत्र पाठवून त्याने कळवले की आपण परीक्षेला न जाता दुसरीकडे जात आहोत. ब्रह्माचा शोध आणि देशाची सेवा या दोन ओढी त्याच्या मनात होत्या. नरहररावांना वाटले, तरुण रक्त आहे, काही दिवसांत परत येईल. आईला तसे वाटत नव्हते. विन्याने एकदा मनात धरले की तो ते सोडणार नाही, हे त्या ओळखून होत्या. शेजारपाजारच्या बायका हळहळत, आजकालच्या मुलांना आईबापांची पर्वा नाही असे म्हणत. रुक्मिणीबाई मुलाची बाजू घेत. माझा विन्या कोणत्याही वाईट वाटेला जाणार नाही, तो गेला आहे तो चांगल्या कामासाठीच, असा त्यांचा दृढ विश्वास होता.

जून 1916 मध्ये विनायक अहमदाबादेला महात्मा गांधींच्या आश्रमात दाखल झाला आणि तेथेच तो विनोबा झाला. पुढे बाळकोबा आणि शिवाजी हे धाकटे भाऊही त्याच मार्गाने गेले. तिघेही आजन्म ब्रह्मचारी राहिले. या वैराग्याचे बीज घरातच होते. रुक्मिणीबाई आणि नरहरराव यांनी स्वतः संसारात राहून ब्रह्मचर्याचे व्रत घेतले होते, तेव्हा रुक्मिणीबाईंचे वय 36 होते.

मुलांना घट्ट धरून ठेवणारे प्रेम आपण नेहमी पाहतो. त्यांना मोकळे सोडणारे प्रेम विरळा. थोरला मुलगा नोकरी, लग्न, नातवंडे यांतले काहीच देणार नाही हे उमगल्यावरही या आईने त्याच्यामागे तक्रारीचा एक शब्द लावला नाही. त्यांनी आयुष्यभर फणसाचे गरे वाटले होते, तांदूळ वाटला होता, भिक्षा घातली होती. आता त्यांनी आपला मुलगाच देऊन टाकला.

अखेरची भेट

1918 साली इन्फ्लुएन्झाच्या साथीने जगभर थैमान घातले. एकट्या भारतात कोटीहून अधिक माणसे दगावली. बडोद्याच्या घरात नरहरराव, रुक्मिणीबाई आणि सर्वांत धाकटा दत्तात्रेय असे तिघेही अंथरुणाला खिळले. विनोबा साबरमतीच्या आश्रमात होते. घरी जाण्याचा त्यांचा विचार नव्हता. गांधीजींना बातमी कळली तेव्हा त्यांनी आग्रह करून विनोबांना बडोद्याला पाठवले.

वडील हळूहळू सावरले. आई आणि दत्तात्रेय यांची प्रकृती मात्र ढासळत गेली. आईच्या उशाशी बसलेल्या विनोबांनी विचारले की मनाला समाधान आहे ना? आईने सांगितले की पूर्ण समाधान आहे. तू मोठा झालास, तुझी मला काळजी नाही, भावंडांकडे तू पाहशीलच. आणि दोन महिन्यांपूर्वी मला देवाचे दर्शनही झाले.

हे दर्शन म्हणजे डाकोरच्या रणछोडरायांचे. बडोद्याहून डाकोर अवघे चार तासांचे अंतर. तरीही बडोद्याला आल्यापासून बारा वर्षांत त्यांना तेथे जाणे जमले नव्हते. मुले, पाहुणे, आजारी शेजारी, विद्यार्थी, यांतून सवड मिळाली नाही. जाण्यापूर्वी दोन महिने ते दर्शन घडले, आणि त्यांची एकही इच्छा उरली नाही. 24 ऑक्टोबर 1918 रोजी रुक्मिणीबाईंनी देह ठेवला. दत्तात्रेयही त्या साथीत गेला.

आईचे अंत्यविधी भाडोत्री मंत्रांनी न होता आपल्या हातून व्हावेत अशी विनोबांची इच्छा होती. घरच्या मंडळींना ते मान्य झाले नाही. तत्त्वाशी तडजोड करणे विनोबांना शक्य नव्हते आणि घरच्यांना दुखवून आग्रह धरणेही योग्य वाटले नाही. शेवटच्या श्वासापर्यंत आईजवळ असलेला हा मुलगा स्मशानात गेला नाही. त्याने स्नान केले आणि त्याच दिवसापासून वेदांचे अध्ययन सुरू केले. जन्मदात्री माउली गेली, तेव्हा त्याने वेदमाउलीचा आश्रय घेतला. हा निर्णय बरोबर होता का, यावर दुमत होऊ शकेल. पण तो सोपा नव्हता, हे निश्चित.

आई गेल्यानंतर

घरातून विनोबांनी दोनच वस्तू बरोबर घेतल्या. एक आईचे लुगडे आणि दुसरी त्यांच्या नित्यपूजेतली अन्नपूर्णेची लहानशी मूर्ती. लुगडे ते उशाला घेऊन झोपत. पुढे खादीचे व्रत घेतल्यावर गिरणीचे ते वस्त्र जवळ ठेवणे त्यांना योग्य वाटेना. त्यांनी ते साबरमतीच्या पात्रात सोडले. अन्नपूर्णेची मूर्ती त्यांनी आश्रमातील एका श्रद्धाळू भगिनीच्या स्वाधीन केली, म्हणजे तिची नित्य पूजा होत राहील. अखेर आईची एकही वस्तू त्यांच्याजवळ राहिली नाही. राहिली ती फक्त शिकवण.

आईच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, ऑक्टोबर 1930 मध्ये, विनोबांनी गीतेचे समश्लोकी मराठी भाषांतर हाती घेतले आणि फेब्रुवारी 1931 मध्ये ते पूर्ण केले. आईला समजेल अशीच त्याची भाषा होती. नाव ठेवले गीताई. त्या एका शब्दात गीता आहे आणि आईही आहे. 1932 मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी उतरवून घेतली. पुढे गीताईच्या लाखो प्रती निघाल्या. ज्या आईने हट्ट धरला होता, तिला ती गाता आली नाही. पण तिच्यासारख्याच असंख्य आयाबहिणींना ती गाता आली.

18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावात भूमिहीन हरिजनांसाठी विनोबांनी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केले. तेथून भूदानाची गंगा वाहू लागली. गावोगावच्या सभांत विनोबा लोकांना सांगत की देणारा तो देव. गागोद्याच्या अंगणात पानावर गरे मांडणारी आई त्या वेळी त्यांच्या मनात असे.

आपण काय घ्यावे?

रुक्मिणीबाईंच्या जीवनात चमत्कार नाहीत. त्यांना घर सोडून हिमालयात जावे लागले नाही, तासन्‌तास ध्यानाला बसण्याइतकी सवडही नव्हती. जे काम समोर आले ते त्यांनी देवाचे समजून केले.

आपल्यापैकी अनेक माता-भगिनींना वाटते की संसाराच्या व्यापात साधना होत नाही. मुले मोठी झाली की मग करू. रुक्मिणीबाईंनी तो मग येण्याची वाट पाहिली नाही. विरजण लावताना, भाजी करताना, तांदूळ मोजताना त्यांची साधना चालू होती. ती चालू आहे हे कोणाला सांगण्याची गरजही त्यांना भासली नाही.

आणि मुलांवर संस्कार कसे करावे, या आजच्या चिंतेलाही त्यांच्या जीवनात उत्तर मिळते. त्यांनी मुलाचे प्रश्न कधी दडपले नाहीत. त्याने स्वार्थी म्हटले, भेद करतेस म्हटले, देवाचा काय संबंध असे विचारले. प्रत्येक वेळी त्यांनी शांतपणे, आपली उणीव असेल तर ती मान्य करून, उत्तर दिले. म्हणूनच तो तर्कनिष्ठ मुलगा श्रद्धेपासून दुरावला नाही.

आज स्वयंपाकाला बसण्यापूर्वी, ताट वाढण्यापूर्वी किंवा दारावरची बेल वाजेल तेव्हा या माउलीची आठवण करावी. घरात एखादे गोड फळ आले तर त्यातली पहिली फोड मुलाच्या हाती देऊन त्याला शेजारी पाठवावे. रुक्मिणीबाईंना वाहिलेली ती खरी श्रद्धांजली ठरेल.